शस्त्राला दृष्टी आणि थांबण्याचा अखत्यार



ज्या शल्यविशारदांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या पिढीने शस्त्रक्रियागृहात विजेचा अंमल रुजताना पाहिला, माझ्या पिढीने तोच अंमल दुर्बिणीच्या वाटेने बंद पोटाच्या आत पोचलेला पाहिला, आणि आज जे निवासी डॉक्टर म्हणून रात्रपाळ्या करीत आहेत त्यांची पिढी, वीज, ध्वनी किंवा प्रकाश यांच्या ऊर्जेने ऊती कापणारे व रक्तवाहिन्या बंद करणारे शस्त्र स्वतः पाहू लागलेले, आणि जे पाहिले त्याच्या आधारे आपली ऊर्जा आपणच कमीजास्त करू लागलेले पाहणार आहे. कॅमेऱ्याने टिपलेल्या प्रतिमेचे गणिती विश्लेषण करून शस्त्राला हुकूम देण्याची ही विद्या अजून बाल्यावस्थेत आहे; परंतु तिला कोणते अधिकार द्यावयाचे आणि कोणते राखून ठेवावयाचे याचा विचार ती वयात आल्यावर करू म्हटले तर तो फार उशिरा केलेला विचार ठरेल, म्हणून हा विषय मी आज निवडला.

१ ऑक्टोबर १९२६ रोजी अमेरिकेतील बॉस्टन शहरी, पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात, हार्वे कुशिंग यांनी काही दिवसांपूर्वी रक्तस्रावामुळे अर्ध्यावर सोडून द्यावी लागलेली एका रुग्णाच्या डोक्यावरील अर्बुदाची शस्त्रक्रिया पुन्हा हाती घेतली, तेव्हा हार्वर्ड विद्यापीठातील विल्यम बोव्ही हे जीवभौतिकीचे अभ्यासक आपले विद्युत्-यंत्र घेऊन हजर होते, आणि जे अर्बुद पहिल्या खेपेस हाती लागले नव्हते ते त्या दिवशी निघाले. विद्युत्प्रवाहाची दिशा पुरेशा शीघ्र गतीने पालटत राहिली, म्हणजे सेकंदाला १०,००० आवर्तनांच्या वर गेली, की शरीरातून प्रवाह जात असूनही स्नायू आकसत नाहीत हा शोध पॅरिसच्या द'आर्सोंव्हाल यांनी १८९१ च्या सुमारासच लावलेला होता. आजची यंत्रे सेकंदाला सुमारे ३ ते ५ लाख आवर्तनांचा प्रवाह वापरतात. ऊतीचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या आसपास गेले की प्रथिने गोठतात आणि रक्त थांबते, १०० अंशांवर पेशींतील पाण्याची वाफ होऊन पेशी फुटते आणि छेद जातो, आणि २०० अंशांच्या पलीकडे केवळ कोळसा उरतो. अखंड लहरीने कापावयाचे आणि अधिक दाबाच्या तुटक लहरीने गोठवावयाचे, पायाशी पिवळी कळ कापण्याची आणि निळी गोठवण्याची, एवढा या यंत्राचा सर्व कारभार असून आमच्याकडे त्याला सर्रास कॉटरी म्हणतात.

ह्या कारभारातील मोठा दोष असा की उष्णता आखलेल्या रेषेवर थांबत नाही. शस्त्राचे टोक जेथे टेकले आहे तेथून ती बाजूच्या ऊतींत पसरते, आणि आतड्याच्या भिंतीला पोचलेला असा चटका त्या वेळी केवळ पांढुरक्या डागासारखा दिसतो किंवा मुळीच दिसत नाही. पुढे काही दिवसांनी रुग्ण घरी गेलेला असताना त्या जागी छिद्र पडते आणि पोटात पू होतो. ज्याने असा रुग्ण परत आलेला पाहिला आहे, रात्रीच्या वेळी त्याचे पोट पुन्हा उघडले आहे आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या त्याच्या माणसांशी बोलला आहे, त्याला या विषयाचे महत्त्व निराळे पटवून द्यावे लागत नाही.

यंत्राला स्वतःस थांबवण्याची मुभा देणे ही कल्पना नवी आहे असा पुष्कळांचा समज आहे, तो खरा नाही. रुग्णाच्या मांडीला चिकटवलेल्या परतीच्या पट्टीचा संपर्क अंशतः सुटला की प्रवाह उरलेल्या थोड्या जागेतून एकवटून जाई आणि त्वचा भाजे. १९८१ च्या सुमारास त्या पट्टीच्या संपर्कावर सतत नजर ठेवणारी आणि तो बिघडताच प्रवाह तोडणारी व्यवस्था आली, आणि तो उपद्रव पुष्कळ अंशी आटोक्यात आला. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस रक्तवाहिनी चिमट्यात दाबून वितळवून बंद करणारी उपकरणे आली, त्यांत ऊतीतील पाणी जसजसे आटते तसतसा विद्युत्प्रवाहाला होणारा अवरोध वाढतो हे यंत्र सेकंदाला हजारो वेळा मोजते, आणि ठरलेल्या मर्यादेला तो पोचताच प्रवाह बंद करून घंटा वाजवते; ७ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या वाहिन्या या रीतीने सुरक्षित बंद होतात. म्हणजे आरंभ माणसाने करावयाचा आणि शेवट यंत्राने, अशी अधिकारांची वाटणी आमच्या शस्त्रक्रियागृहात केव्हाच शिरस्त्यात बसलेली आहे, आणि तिच्याविषयी कोणाची फिर्याद नाही.

परंतु ही सर्व जाणीव स्पर्शाची आहे. फोडणीच्या नुसत्या आवाजावरून मोहरी तडतडली की नाही हे शेजारच्या खोलीतूनही कळते, पण त्या कढईत पुढे काय पडणार आहे ते कळत नाही. त्याचप्रमाणे चिमट्यात धरलेली ऊती किती शिजली हे अवरोधावरून अचूक कळते, पण ती ऊती रक्तवाहिनी आहे, पित्तनलिका आहे की मूत्रवाहिनी, हे यंत्राला त्यावरून कधीही कळणार नाही. जे बंद व्हावयास नको तेच अत्यंत निर्दोष रीतीने बंद करून घंटा वाजवणारे यंत्र, ही आजची वस्तुस्थिती आहे.

यावर कोणी म्हणेल की काय धरले आहे ते पाहण्याला शल्यविशारदाचे डोळे आहेतच. येथे मला थोडे रेंगाळावयाचे आहे, कारण सर्व विषयाचा मर्मबिंदू हाच आहे. १९८५ साली जर्मनीत एरिख म्यूहे यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले, १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतोन उडवाडिया यांनी त्या शस्त्रक्रियेचा आपल्या देशात पायंडा पाडला, आणि पाहता पाहता ती तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. पण पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेच्या मानाने मुख्य पित्तनलिका कापली जाण्याचे प्रसंग सुरुवातीच्या वर्षांत वाढले. हे प्रसंग का घडतात याचा शोध घेताना सॅन फ्रान्सिस्कोचे लॉरेन्स वे आणि त्यांचे सहकारी यांनी अशा २५२ दुखापतींचे तपशील तपासले, आणि २००३ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा निष्कर्ष असा होता की ९७ टक्के प्रकरणांत मूळ कारण दृष्टिभ्रम हेच होते. हाताच्या कौशल्यातील दोष अवघ्या ३ टक्क्यांत आढळला. शल्यविशारदाने मुख्य पित्तनलिकेकडे पाहिले, ती पित्ताशयाची नलिका आहे असे त्याच्या मनाने एकदा ठरवले, आणि त्यानंतर जे जे विसंगत दिसले ते ते त्याने त्या समजुतीत बसवून घेतले. हात कुशल होता, हेतू शुद्ध होता, प्रकाश पुरेसा होता, आणि तरीही डोळ्यासमोरची वस्तू दिसली नाही. याच भ्रमावर उपाय म्हणून स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली असा दंडक घालून दिला की पित्ताशयाकडे जाणाऱ्या केवळ दोनच रचना मोकळ्या दिसल्याशिवाय, नलिका व यकृत यांच्यामधला त्रिकोण चरबी व तंतूंपासून साफ झाल्याशिवाय आणि पित्ताशयाचा खालचा भाग यकृतापासून सुटा झाल्याशिवाय काहीही कापू नये. हा दंडक सर्वत्र शिकवला जातो, आणि थकलेल्या माणसाकडून, घाईत, रक्ताने भरलेल्या क्षेत्रात, तो मोडलाही जातो. मनाच्या समजुतीने न बांधलेला दुसरा एक डोळा त्या क्षणी हजर असावा, ही मागणी म्हणूनच मला न्याय्य वाटते.

असा डोळा ऊर्जाशस्त्राला जोडल्याची उदाहरणे आहेत, आणि त्यांतील सर्वांत जुनी व यशस्वी उदाहरणे प्रकाशशस्त्रांची आहेत. या इतिहासात महाराष्ट्राचाही एक खरा दुवा आहे: बारामतीत १९३८ साली जन्मलेले आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेले कुमार पटेल यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६४ साली कार्बन डायऑक्साइड लेसर सिद्ध केला, आणि त्याचा १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश पाण्यात तत्काळ शोषला जात असल्यामुळे ऊतीचा अगदी पातळ थर वाफ करून उडवण्यास तो स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेत उपयोगी पडला. पुढे डोळ्याच्या पारदर्शक पटलाला आकार देण्यासाठी जंबुपार प्रकाशाचा लेसर आला. त्याचा एकेक झोत पटलाचा सुमारे पाव मायक्रॉन भाग उडवतो, आणि माणसाचा डोळा तर क्षणभरही स्थिर राहत नाही, म्हणून एक कॅमेरा बुबुळाची जागा अखंड टिपत राहतो, आरसे त्या जागेच्या मागोमाग झोत फिरवतात, आणि डोळा ठरलेल्या हद्दीबाहेर गेला तर झोत सुटतच नाही. चष्मा घालवण्यासाठी ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्या लाखो लोकांच्या बाबतीत झोत केव्हा सोडावयाचा आणि केव्हा रोखावयाचा हा निवाडा प्रतिमेच्या आधारे यंत्रानेच केलेला आहे. त्याचप्रमाणे चुंबकीय प्रतिमांच्या मार्गदर्शनाखाली ध्वनिलहरी एकत्र करून गर्भाशयातील गाठी जाळण्याच्या उपचाराला अमेरिकेत २००४ साली आणि हाताच्या कंपावरील तशाच उपचाराला २०१६ साली मान्यता मिळाली. त्यांत प्रतिमेतून चक्क तापमानाचा नकाशा मिळतो आणि त्या नकाशाच्या आधारे ऊर्जा वाढवली किंवा थांबवली जाते.

मग पोटात हे अजून का झाले नाही? डोळ्याची बाहुली गोल आहे, काळी आहे, ठरलेल्या जागी आहे. पोटात सर्वच तांबडे आणि पिवळे, ओलसर, चकाकणारे, श्वासाबरोबर हलणारे, आणि शस्त्राच्या प्रत्येक ओढीबरोबर आकार बदलणारे असते. संगणकाच्या लेखी दुर्बिणीचे चित्र म्हणजे २० लाखांहून अधिक बिंदूंची आकडेवारी, आणि तिच्यातून नलिकेची कड शोधावयाची तर अनुभवी शल्यविशारदांनी हाताने हद्दी आखून दिलेल्या हजारो चित्रांवर त्याला शिकवावे लागते. २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे यू-नेट नावाची गणितरचना प्रसिद्ध झाली, तिने वैद्यकीय चित्रांतील अशा हद्दी आखण्याच्या कामाला मोठी गती दिली. फ्रान्समधील स्ट्रासबुर्गच्या संशोधकांनी १३ शल्यविशारदांनी केलेल्या ८० पित्ताशय-शस्त्रक्रियांच्या चित्रफिती टिपणांसह अभ्यासकांना खुल्या केल्या. आणि टोरोंटोच्या अमीन मदानी यांच्या गटाने शस्त्र चालवण्यास सुरक्षित व असुरक्षित असे दोन प्रदेश पडद्यावर हिरव्या-तांबड्या रंगांत दाखवणारी प्रणाली तयार केली. ही सर्व कामे मी आदराने पाहतो. मात्र त्यांतील रंग पडद्यावर उमटतात, पायाच्या कळेपर्यंत त्यांचा हुकूम पोचत नाही.

तो पोचवताना काही अडचणी येतात त्या केवळ यंत्राच्या वेगाच्या किंवा स्मरणशक्तीच्या नाहीत. ऊर्जाशस्त्र आपल्याच धुराने आपला डोळा झाकते: ज्या क्षणी टोकाशी ठिणगी आहे आणि धोका सर्वाधिक आहे, त्याच क्षणी चित्र सर्वांत अंधुक असते. शिवाय उष्णतेने ऊतीचा रंग पालटतो, ती पांढरी पडते, आकसते, आणि ज्या खुणांवरून तिला ओळखले त्याच खुणा पुसल्या जातात. तिसरी गोष्ट वेळेची: कॅमेरा सेकंदाला ३० किंवा ६० चित्रे घेतो आणि त्यांचे विश्लेषण होईस्तोवर आणखी काही क्षण जातात, तर अवरोध मोजणारी व्यवस्था त्या अवधीत शेकडो वेळा आपले मत बदलू शकते. यातून माझ्या मते एक स्वाभाविक विभागणी निघते, ती अशी की ‘किती वेळ’ या प्रश्नाचे उत्तर स्पर्शाने द्यावे, आणि ‘करावे की करू नये’ या प्रश्नाचे उत्तर, ऊर्जा सुटण्यापूर्वीच, धूर नसताना, दृष्टीने द्यावे.

एक उपयोग मला विशेष मोलाचा वाटतो, आणि त्याच्याकडे अजून फारसे लक्ष गेलेले नाही. ध्वनिलहरींवर चालणारे शस्त्र सेकंदाला सुमारे ५५,५०० वेळा थरथरत ऊती कापते, आणि कळेवरून पाय काढल्यानंतरही त्याचे पाते कित्येक सेकंद तापलेले राहते. शल्यविशारदाच्या मनात त्या वेळी काम संपलेले असते. तो तेच पाते आतडे बाजूला सारण्यासाठी सहज वापरतो, आणि चटका बसतो. यंत्राला ऊर्जा केव्हा थांबली हे ठाऊक आहे, कॅमेऱ्याला पाते कोठे आहे हे दिसते; या दोन दाखल्यांची सांगड घालून तापलेले पाते आतड्याजवळ जाऊ लागताच सूचना देणे, याला फार खोल बुद्धीची गरज नाही, आणि ऊतींची नावे अचूक ओळखण्याचीही नाही.

आता अधिकाराच्या प्रश्नाकडे वळतो. माझे म्हणणे असे आहे की दृष्टी असलेल्या शस्त्राला पहिला अखत्यार नकाराचा द्यावा, कृतीचा नव्हे. चिमट्यात धरलेली वस्तू पित्तनलिका असण्याचा संभव दिसला तर पायाची कळ दाबूनही ऊर्जा सुटू नये. ऊती जाड दिसली तर ऊर्जेचा दर्जा बदलण्याची तजवीज यंत्राने सुचवावी आणि मंजुरी माणसाने द्यावी. परंतु थांबणे हे नेहमीच निरुपद्रवी असते अशी जी समजूत अभियंत्यांच्या लेखनात आढळते ती मला मान्य नाही. अर्धवट बंद झालेली धमनी चिमट्यातून सुटली तर जे घडते ते पाहिलेल्या कोणालाही ती मान्य होणार नाही. म्हणून वाहिनी बंद करण्याची क्रिया एकदा सुरू झाली की दृष्टीने मध्ये हस्तक्षेप करू नये, ती पूर्ण होईपर्यंत अंमल स्पर्शाचा असावा. उलट, हुकाच्या टोकाने चरबी सोडवत जाताना, जेथे कोणत्याही क्षणी थांबणे सुरक्षित आहे, तेथे दृष्टीला कोणत्याही क्षणी प्रवाह तोडण्याची मोकळीक असावी. थांबण्याचा एकच नियम सर्व शस्त्रांना लावणे म्हणजे न समजता केलेला बंदोबस्त होय.

आणि जो डोळा वारंवार उगाच थांबवतो त्याचा इतबार नाहीसा होतो. आमच्या अतिदक्षता विभागांत अखंड वाजणाऱ्या घंटांकडे परिचारिका कशा पाहतात हे सर्वांना ठाऊक आहे; शस्त्रक्रियेच्या मध्यावर दहा वेळा खोटी आडकाठी आली की अकराव्या वेळी शल्यविशारद ती व्यवस्था बंद करण्याचा हुकूम देणार, आणि नेमकी तीच वेळ खऱ्या धोक्याची असू शकते. उलट, आडकाठी विरळ व्हावी म्हणून यंत्राची मर्यादा सैल केली तर काही नलिका कापल्या जाणार. ही मर्यादा कोठे ठेवावी हा गणिताचा प्रश्न दिसतो, पण त्यात किती खोळंब्याच्या बदल्यात किती दुखापती टाळावयाच्या याचा निवाडा दडलेला असतो, आणि आज तो निवाडा उपकरण बनवणाऱ्याच्या कचेरीत, रुग्णाच्या व शल्यविशारदाच्या अपरोक्ष होतो. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून संगणकीय प्रणालींसह सर्व वैद्यकीय उपकरणे औषध कायद्याच्या कक्षेत आलेली आहेत. तेव्हा असे उपकरण विकण्याची परवानगी मागणाऱ्याने ही मर्यादा आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चुकांचे प्रमाण उघड नोंदवावे, असे मागण्याचा अधिकार सरकारला आहे व तो त्याने बजावावा.

त्याहून मोठी चिंता शिक्षणाची, म्हणजे यंत्राच्या शिक्षणाची आहे. ज्या चित्रफितींवर ही प्रणाली शिकते त्या प्रायः सुस्थितीतील रुग्णालयांतून, वेळेवर आलेल्या रुग्णांच्या, उत्तम कॅमेऱ्यांनी घेतलेल्या असतात. आमच्या सरकारी रुग्णालयात येणारी शेतमजूर स्त्री पोटदुखीचे झटके अनेकदा अंगावर काढून, हंगाम संपल्यावर येते. तिचे पित्ताशय जाड, आकसलेले, आतड्याला आणि चरबीच्या पदराला चिकटलेले असते, आणि ज्या त्रिकोणात नलिका दिसावयाच्या तेथे केवळ व्रणाचा गोळा असतो. यंत्राचा डोळा जर तिच्यासारखे पोट कधी न पाहताच तयार झाला, तर जिला त्याची गरज सर्वाधिक तिच्याच बाबतीत तो सर्वाधिक चुकेल, आणि चुकताना आत्मविश्वासाने चुकेल. यावर उपाय परदेशी उपकरण नाकारणे हा नसून आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांनी रुग्णाची संमती घेऊन, नाव-गाव वगळून, कठीण शस्त्रक्रियांच्या चित्रफितींचे सार्वजनिक दप्तर उभारणे हा आहे. ज्या शल्यविशारदांनी अशी पोटे सोडवण्यात आयुष्य घालवले त्यांनीच त्या फितींवर हद्दी आखाव्यात, कारण ते ज्ञान आज केवळ त्यांच्या डोळ्यांत आहे आणि त्यांच्याबरोबर निवृत्त होत आहे.

यंत्राने स्वतः शस्त्रक्रिया करण्याचे प्रयोगही चालू आहेत. २०२२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या यंत्राने जिवंत डुकरांच्या आतड्याची जोडणी दुर्बिणीतून केली, आणि २०२५ साली तेथील संशोधकांनी डुकरांच्या शरीराबाहेर काढलेल्या ८ पित्ताशयांवर नलिका व धमनी यांना चिमटे लावून कापण्याचा टप्पा यंत्राकडून यशस्वी रीतीने करवून दाखवला. हे काम थोर आहे यात शंका नाही. पण मेलेल्या ऊतीत रक्त वाहत नाही, धूर अडचण करीत नाही आणि चुकीची किंमत कोणी देत नाही; नकाराची परीक्षा जिवंत पोटात, वर्षानुवर्षे, उत्तीर्ण झाल्याखेरीज कृतीची सनद देण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

तोपर्यंत जे आजच ठरवून ठेवता येण्यासारखे आहे ते सांगून मी रजा घेतो. यंत्राने आडकाठी केली आणि शल्यविशारदाने ती मोडून ऊर्जा सोडली, असा प्रत्येक प्रसंग आधीच्या व नंतरच्या चित्रफितीसह आपोआप नोंदला जावा, आणि त्या फिती प्रत्येक शल्यविभागाच्या मृत्यू व उपद्रवांविषयीच्या मासिक सभेत, यंत्र बरोबर होते की माणूस याचा आधी निर्णय न सांगता, निवासी डॉक्टरांसमोर दाखवल्या जाव्यात. कोण बरोबर होते ते त्यांनी प्रथम स्वतः ठरवावे, मग शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे काय झाले ते कागद उघडावेत. आणि ज्या फितीत यंत्र चुकले असेल ती दुसऱ्या दिवशी त्या सार्वजनिक दप्तरात, त्याच निवासी डॉक्टरांनी हद्दी आखून, जमा करावी.